आप्पांच्या गाडीला भरलेलं हीव

"बाई, आमच्या गाडीला हीव भरलंय."

असं सांगणारं गिऱ्हाईक मला त्याआधी भेटलं नव्हतं आणि आता भेटणारही नाही. समोर उंच, वाळलेला म्हातारा. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट. डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली, कारण गाडीत बसलं की ती छताला लागायची. मागं त्यांची पांढरी इलेक्ट्रिक गाडी उभी होती, आणि आप्पा तिच्याकडं असं बघत होते की जणू तिला दवाखान्यात आणलंय.

मी चिकलठाण्याच्या बाजूला एका इलेक्ट्रिक गाड्यांच्या वर्कशॉपात काम करते. गाडी चालताना काही वेगळं जाणवतं, थरथरतं, हादरतं, गुणगुणतं, अशा सगळ्या तक्रारी माझ्या टेबलावर येतात. डिझेलच्या गाडीत इंजिनाच्या दणक्यात सगळं झाकून जायचं, एकत्र कुटुंबातल्या कुरबुरीसारखं. ह्या गाड्या पडल्या गप्प. त्यामुळं चाकात खडा अडकला तरी माणूस घाबराघुबरा होऊन धावत येतो, "मॅडम, काहीतरी गडबड आहे!" अरे बाबा, पण काय गडबड आहे? कधी होते? कुठल्या वेगाला? पाय दाबल्यावर का उचलल्यावर? आणि शेवटी माझा ठरलेला प्रश्न, हाताला जाणवतं का बुडाला? स्टिअरिंग थरथरलं तर बहुतेक पुढच्या चाकांचं दुखणं असतं, सीट थरथरली तर मागच्या. भले भले साहेब ह्या प्रश्नाला लाजतात. मी फटकळ आहे, मला लाजायला वेळ नसतो.

आप्पा लाजले नाहीत. जरा विचार करून म्हणाले, "हाताला नाय अन् बुडालाबी नाय. ब्रेकच्या पायाला. त्योबी चुकून कधी ठेवला तर."

"चुकून म्हणजे? ब्रेक लावत नाही का तुम्ही?"

"कशाला? नुसता पाय उचलला तर थांबती की ती. शहाणी हाय. शहाण्याला उगं कशाला डाफरायचं?"

मला हसू आवरेना. खरं म्हणजे दुखणं तिथंच होतं. ह्या गाड्या पाय उचलला की मोटरच्या जोरावर हळू होतात, ब्रेक फारसे लागतच नाहीत. आप्पांनी तर ते वर्षभर जवळजवळ वापरलेच नव्हते. ब्रेकच्या चकत्यांना गंज धरला होता, आणि त्या गंजावर ब्रेक घासला की थरथर. मी आप्पांना शेजारी बसवून बीड बायपासला नेलं आणि मोकळा रस्ता बघून कचकचून ब्रेक दाबले. चार-पाचदा तसं केल्यावर गंज झडला, थरथर गेली. आप्पा मात्र दर ब्रेकला "हां, हां, हळू" करत डॅशबोर्डला हात लावत होते. गाडीला लागू नये म्हणून.

उतरल्यावर त्यांनी पिशवीतनं पेरू काढून माझ्या टेबलावर ठेवले. म्हणाले, "विकतचे हायत. राग मानू नका."

मी म्हटलं, "विकतचे आहेत तर राग कशाचा?"

"घरचं द्यायची सवय. आता घरचं काय राह्यलं नाय."

बिडकीनकडं कारखान्यांसाठी जमिनी गेल्या त्यात आप्पांचीही गेली होती. मुलानं, राजेंद्रनं, गारखेड्यात फ्लॅट घेतला, ही गाडी घेतली. राजेंद्र वाळूजला नोकरीला. तो कंपनीच्या बसनं जायचा, गाडी दिवसभर आप्पांच्याच हाताखाली. नंतर आप्पा कितीदा आले, कधी बोरं, कधी हुरडा, कधी सीताफळं घेऊन. दरवेळी तेच, "विकतचंय, राग मानू नका." भेंडीसुद्धा माफी मागून देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गिऱ्हाइकांसाठी आमच्याकडं गार हवेची खोली आहे, सोफे आहेत, फुकटची कॉफी आहे. आप्पा तिथं कधी बसले नाहीत. कॉफीला म्हणायचे, "ह्याला चहाचं वावडं झालंय का?" गाड्या उचलायच्या लिफ्टजवळ एक रिकामा क्रेट पालथा घालून बसायचे आणि आमचा सलीम काम करताना बघत राहायचे. हॉर्न कधी वाजवायचे नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आपुन काय वराडायचं? बाकीचे हायत की." आमच्या शहरातल्या रस्त्यांवर हॉर्न न वाजवता गाडी चालवणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल.

बायकोचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. 'राजूची आई' म्हणायचे. मी बाई असून गाड्या बघते ह्याचं सगळ्यांना नवल वाटतं, त्यांना काडीचं वाटलं नाही. विहिरीवरचं डिझेल इंजिन म्हणे राजूची आईच चालू करायची. आप्पांनी हँडल मारलं की ते फुरफुरून बंद पडायचं, आणि मग ती पदर खोचून यायची. "एका दणक्यात धरायचं, बाई. अन् वर मला म्हणायची, इंजिनाला बी माणूस कळतं." हे सांगताना आप्पा इतके हसले की टोपीनं डोळे पुसायला लागले. आणि मग हसणं थांबलं तरी टोपी डोळ्यांवरनं निघेना. सलीमनं पाना खाली ठेवला आणि चहा सांगायला गेला.

ती गेली तेव्हा तिला शेतातच अग्नी दिला होता. त्या भागात पुष्कळ घरांत तशी रीत आहे, आपलं माणूस आपल्या वावरात. बोरीच्या झाडाखाली आप्पांनी स्वतः विटांचा छोटा ओटा बांधला. पुढं जमिनीची मोजणी आली. विहीर, पाइपलाइन, झाडं, गोठा, सगळं लिहून घेत होते. भावकीतल्या लोकांनी सांगितलं, आप्पा, ओट्याचंही सांगा, बांधकामात धरतील. आप्पा ओट्याकडं पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, तिथं काही नाही.

"मी म्हणलं, तिची किंमत करायची व्हय? विहिरीचं घेतलं, झाडाचं घेतलं. तिचं बी घेऊ?"

मला तेव्हा ते फार थोर वाटलं. आप्पांना नव्हतं वाटत. ते क्रेटवर बसून खालच्या फरशीकडं बघत म्हणाले, "चुकलं, इंजिनेरबाई. लिहून दिलं आसतं तर निदान कुणी इचारलं आसतं, ह्ये काय हाय म्हणून. आता कागदावर तिथं कायीच नाय. अन् जिथं कायी नाय तिथं मशीन फिरवायला कुणाची परवानगी लागती?" जमीन तोवर तशीच पडून होती. पण आज ना उद्या सपाट होणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि जोवर ओटा आहे तोवर जाता यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

पावसाळ्यात आप्पा पुन्हा आले. ह्या वेळी तक्रार स्टिअरिंगची. ऐंशीच्या पुढं गेलं की हाताला मुंग्या येतात म्हणाले. मी चालवून पाहिलं. खरंच होतं, साठला काही नाही आणि ऐंशीला स्टिअरिंग भिरभिरायला लागायचं. एका ठरावीक वेगालाच थरथर म्हणजे चाकाचा तोल गेलेला. सलीमनं पुढची चाकं काढली, आणि रिमच्या आतल्या बाजूला काळी माती थापून बसलेली. चिखलात गाडी घातली, माती आत भरली आणि वाळून दगड झाली. एवढंसं वजन एका बाजूला बसलं की चाक नाचतं. मोटर, शाफ्ट, काय काय मनात आलं होतं, आणि निघालं काय तर ढेकूळ!

सलीम ते खरवडून बादलीत टाकणार, तेवढ्यात आप्पा क्रेटवरनं उठले. "थांब, थांब." ढेकूळ हातात घेतलं, अंगठ्यानं फोडलं, नाकाजवळ नेलं. खिशातनं रुमाल काढून त्यात बांधलं आणि रुमाल खिशात ठेवला. मी त्यांच्याजवळ गेले.

"कुठं घातली होती गाडी, आप्पा?"

"लासूरला. सोयऱ्याकडं."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका. लासूरची माती अशी रुमालात बांधून नेतं का कुणी?"

ते एकदम लहान पोरासारखे कावरेबावरे झाले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "राजूला सांगू नका. त्यानं शपथ घातलीय."

राजेंद्रची बाजूही खोटी नव्हती. मागं एकदा गजबजलेल्या सिग्नलला आप्पांना भोवळ आली होती. दिवा हिरवा झाला तरी गाडी हलेना, लोकांनी काचेवर हात मारून त्यांना भानावर आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्या रस्त्यावर चालवू नका. राजेंद्रनं गारखेड्यापुरती मुभा दिली, भाजी, देऊळ, दवाखाना, फार तर आमचं वर्कशॉप. त्यावर वावराकडं जाण्याचा विषय निघाला की तो म्हणायचा, आप्पा, गेलं ते गेलं, तिथं आता आपलं काही नाही. तोही आईवेगळाच झालेला पोरगा. त्याला ती जागा बघवत नव्हती, आणि आप्पांना न बघता राहवत नव्हतं. एका घरात दोन दुःखं होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती.

मी आप्पांना रागावले. भर रस्त्यात भोवळ आली तर? तुमचं जाऊ द्या, समोरच्याचं काय? ते म्हणाले, "खरंय. रिक्षावाल्यांना इचारलं. आत चिखलात यायला कुणी तयार नाय. अन् कुणाला काय सांगायचं, कुठं न्या म्हणून?"

श्रावण संपता संपता राजेंद्र स्वतः गाडी घेऊन आला. रविवारी सासुरवाडीला निघाला होता, स्टिअरिंग थरथरलं. तो माझ्या टेबलावर हात आपटून बोलत होता, दर महिन्याला तीच तक्रार कशी येते, गाडीच खराब दिलीय, मी सोडणार नाही. आप्पा त्याच्या मागं उभे. माझ्याकडं बघून त्यांनी नुसती मान हलवली, अगदी थोडी. मी जीभ चावून गप्प बसले, आणि गप्प बसणं मला किती जड जातं ते माझ्या घरच्यांना विचारा. म्हटलं, बघते, तपासून कळवते.

पण सलीमला काय माहीत! उचलली जीभ लावली टाळ्याला. चाक काढल्या काढल्या तिकडनंच ओरडला, "साब, गाडी खेत में चलाते क्या तुम? पूरी काली मिट्टी भरेली है इसमें!"

राजेंद्र चाकाजवळ गेला. मातीला हात लावला. तोही त्याच वावरात वाढलेला, त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मग वळला.

"आप्पा, तिकडं जाता व्हय?"

"तुझी आई हाय तिथं."

"आई नाय तिथं, आप्पा! कोणीच नाय तिथं! अन् तुम्हाला रस्त्यात काय झालं तर मी कुणाकडं जाऊ? मला बी कोण हाय?"

अख्खं वर्कशॉप थांबलं होतं. आप्पांनी खिशातनं आपल्याजवळची गाडीची दुसरी किल्ली काढली आणि राजेंद्रच्या हातात दिली. जाताना माझ्या टेबलावर सीताफळांची पिशवी ठेवली, पण 'विकतचंय' म्हणायचं विसरले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग पितृपक्ष आला. एका सकाळी गाडी पुन्हा दारात. चालवत राजेंद्र, शेजारी आप्पा, मांडीवर स्टीलचा डबा दोन्ही हातांनी धरलेला. आप्पा निम्मे झाले होते. राजेंद्र उतरून माझ्याकडं आला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "मॅडम, आप्पा म्हणतात गाडी थरथरतीय. मला काही जाणवत नाही. तुम्ही त्यांना घेऊन एक चक्कर मारता का? लांबची मारली तरी चालेल. मी थांबतो इथं."

मी डब्याकडं पाहिलं. ती अविधवा नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला जेवू घालायचा दिवस. डबा सुनेनं भरून दिला होता. राजेंद्रनं आप्पांच्या बाजूचं दार नीट लावलं, पट्टा ओढून बघितला आणि सोफ्यांच्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसला. त्याच्यानं एवढंच होत होतं, आणि ते काही थोडं नव्हतं.

मी बायपासनं पैठण रोडला लागले. गाडी पाण्यासारखी चालली होती. ऐंशीला नेली, पाय उचलला, ब्रेक लावला, कुठं काही नाही. तरी सवयीनं विचारलं, "हाताला का बुडाला, आप्पा?"

"कुठंच नाय, बाई. गाडी चांगली हाय." थोड्या वेळानं म्हणाले, "राजू बी चांगला हाय."

बिडकीनच्या अलीकडं त्यांनी एका कच्च्या वाटेला वळायला सांगितलं. नाल्याच्या कडेनं गेलो, आणि आप्पा म्हणाले, "आता बोरीचं झाड दिसंल."

बोर दिसली नाही. नाला संपला आणि पुढं नुसतं सपाट. मुरूम पसरून दाबलेला, दूरपर्यंत लाल पटांगण. झाड नाही, बांध नाही, विहिरीचा कठडा नाही. पार टोकाला एक मोठा रोलर जमीन दाबत होता.

आप्पा उतरले. चपला काढून गाडीशी ठेवल्या आणि डबा घेऊन चालायला लागले. आधी झपाझप, ठाऊक असल्यासारखे. मग थांबले. मागं नाल्याकडं बघितलं, हातानं काहीतरी अंदाज घेतला, डावीकडं गेले. पुन्हा थांबले. उजवीकडं आले. मी मागनं जात होते. ह्या माणसानं आयुष्यभर ह्या जमिनीत पावलं टाकली होती, आणि आता त्याला कळत नव्हतं आपण कुठं उभं आहोत.

शेवटी ते माझ्याकडं वळले. म्हणाले, "तुम्ही सांगा, इंजिनेरबाई. गाडीतलं बरोब्बर सांगता तुम्ही, कुठंशी दुखतंय ते. इथलं सांगा."

मी उभ्या उभ्या रडले. त्यांच्यासमोर रडायचं नाही असं ठरवून आले होते, पण रडले.

आप्पा खाली बसले. हात टेकला आणि लगेच उचलला. "हलतीय," म्हणाले. रोलर तिकडं टोकाला होता, पण त्याचा थरकाप मुरमातनं पार इथवर येत होता. माझ्या तळपायांनाही लागत होता. आप्पा उठले आणि सरळ रोलरकडं निघाले. चालवणारा परप्रांतातला, तरणा. त्यानं हात हलवून "चाचा, इधर नहीं आने का" म्हणून ओरडायला सुरुवात केली. आप्पांनी दोन्ही हातांत डबा उंच धरला.

"बाबा, थोडा बंद करो. औरत का खाना है. जेवू घालने का है उसको."

त्याला किती कळलं देव जाणे. पण त्यानं मशीन बंद केलं. खाली उतरला आणि डोक्याचं हेल्मेट काढून उभा राहिला.

एवढी शांतता झाली की आप्पांनी डब्याचं झाकण काढलेलं ऐकू आलं. ते जिथं उभे होते तिथंच डब्यातलं केळीचं पान अंथरलं. खीर, वडे, भाजी, भात. हळदकुंकवाची पुडी सुनेनं आठवणीनं दिली होती, ती वाहिली. नमस्कार केला आणि कावळ्याची वाट बघत बाजूला बसले.

कावळा कुठनं येणार? बसायला झाड नाही, तार नाही. आम्ही बसलो. ऊन चढलं. खिरीवर लाल धूळ यायला लागली. आप्पा मधनंमधनं पानाकडं वाकून काहीतरी बोलायचे. "राजूला संभाळीन. सुनंला तोडून बोलणार नाय. आनखी काय राह्यलं तुझं?" थोडं थांबायचे. "इंजिन भंगारात इकून टाकलं म्हणून राग हाय का? आता बोल की." वर आभाळात एक घारसुद्धा नव्हती. रोलरवाला बिचारा आमच्याबरोबर आभाळाकडं बघत होता.

शेवटी त्याच्या साहेबाचा फोन आला. तो ओशाळून आप्पांकडं बघायला लागला. आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, रिकामा डबा उचलला आणि गाडीकडं आले. पान तिथंच राहिलं. आम्ही नाल्यापर्यंत आलो तेव्हा मागं मशीन चालू झालं. आप्पांनी वळून बघितलं नाही.

त्या दिवसानंतर आप्पा मला भेटले नाहीत. थंडीत झोपेतच गेले. मी गावी होते, मला उशिरा कळलं.

त्यामुळं माझ्याजवळचे शेवटचे आप्पा म्हणजे वर्कशॉपच्या दारात गाडीतनं उतरणारे. राजेंद्र खोलीतनं जवळजवळ धावत बाहेर आला होता. आप्पांनी आधी टोपी झटकली, नीट डोक्यावर चढवली. मग मोकळा डबा त्याच्या हातात दिला.

"सापडला ना ओटा, आप्पा?"

"सापडला की. हाय तसा हाय." एकदा माझ्याकडं बघितलं, आणि पोराच्या पाठीवर हात ठेवला. "बोरीवर बसूनच व्हता कावळा. पान मांडायचा उशीर, लगेच शिवला. सुनबाईला सांग, समदं ग्वाड लागलं तिला."

राजेंद्रनं डबा छातीशी धरला आणि तिथंच उभ्या उभ्या हुंदके देऊन रडायला लागला. आप्पा त्याची पाठ चोळत राहिले.